मॉरिशसला निघालेला कांदा

मॉरिशसला जायचं ठरलं. गेल्या उन्हाळ्यात मला ऊन लागलेलं, त्यामुळे बायको धास्तावली होती; ती मला मेडिकलच्या दुकानात घेऊन गेली. जळगावच्या मेडिकलवाल्याची सवय अशी, की गोळ्यांच्या पाकिटावर वेळ लिहायची नाही, चित्र काढायचं. सकाळी सूर्य, रात्री चंद्र.

"उन्हाचं औषध आपल्याकडे आहे," म्हणत मी त्याला खिशातला कांदा दाखवला.

"भाऊ, बठ्ठं ठीक शे, पण तो विमानतळावर काढून घेतील. साखर-मिठाची पुडी अन् डोक्याचा रुमाल न्या. आपलं ऊन चटका देऊन सांगतं, समुद्राचं वाऱ्यात कळत नाही."

पुडीवर त्याने रुमाल बांधलेला माणूस काढला.

तिसऱ्या दिवशी किनाऱ्यावर टोपीवाले लालबुंद झाले होते. कान-मान झाकणाऱ्या रुमालातला मी ठणठणीत. बायकोने पुडी निरखली.

"पोटसुद्धा हुबेहूब काढलंय हो!"