गणपतीच्या सुट्टीत गेलेली शेपटी

आमच्या कॉलेजात तपासणी समिती येणार होती. प्राणिशास्त्राच्या सरांनी बेडकाचं जीवनचक्र जिवंत दाखवायचं ठरवलं. "तू खेड्यातली, तुला सापडतील," असं म्हणून त्यांनी काम माझ्याकडे दिलं. समितीला माहितीही मीच सांगायची होती. आमच्या घरात माझ्याआधी कुणी कॉलेज पाहिलेलं नाही, आणि वर्गात मी तोवर हजेरीपलीकडे शब्द बोलले नव्हते. त्यामुळे आनंद झाला की भीती वाटली, हे अजून नीट सांगता येत नाही.

चिरेखाणीत साचलेल्या पाण्यातून मी काळे, शेपटीवाले बेडूकमासे आणले. सरांनी लगेच कार्ड छापून घेतलं: 'अवस्था दुसरी: शेपटी आहे, पाय नाहीत.' त्यावर प्लास्टिकचं आवरणही चढवलं. मग समितीची तारीख पुढे, गणपतीनंतर गेली. कुणाला नवल वाटलं नाही. गणपतीत आमच्या जिल्ह्यात सगळंच थांबतं. बेडूकमासेही थांबतील, असं आम्ही धरून चाललो. कॉलेज बंद, म्हणून बेडूकमाशांचा टब माझ्या घरी आला.

आईने तो पडवीत पाहिला.

"गो, गणपती इले आणि तू घरात मासळी ठेवलंस?"

"आये, ते माशे न्हय. बेडकांची पोरां आसत."

"मगे तर आधी भायर ने!"

मुंबईहून आलेली काकी हसली. "ऱ्हवांदे गो. सगळ्या वाडीत आज एवढीच मासळी शिल्लक आसा."

टब मागीलदारी, धुण्याच्या दगडाजवळ गेला. घरात मोदक, उसळी, आरत्या. मागे टबात पाय फुटत होते. या दिवसांत बेडूकमासा काही खात नाही, आपल्या शेपटीवरच जगतो. गणपतीत आमच्या वाडीत उपाशी तेवढेच राहिले असावेत.

विसर्जनानंतर टबात ठेवलेल्या दगडावर नखाएवढे बेडूक बसले होते. शेपटी एकालाही नव्हती. जाळी लावलेल्या बरणीत घालून मी ते एसटीने कॉलेजात नेले. सरांनी बरणी फिरवून फिरवून शेपटी शोधली.

"थोडे आधीचे नाहीत का?"

"नाही, सर."

"मग शेपटी आहे म्हणूनच सांग. कार्ड छापून झालंय."

दुपारी समिती आली. त्यातल्या वयस्कर गृहस्थांनी कार्ड वाचलं, बरणी डोळ्यांजवळ धरली आणि मला विचारलं, "शेपटी कुठे आहे?"

मागे सर खोकले. पाठ केलेलं सगळं मी विसरले. पण शेपटी कुठे गेली, ते मला ठाऊक होतं.

"ती अंगातच जिरली, सर. सुट्टीत त्यांना पाय फुटले. कार्ड गणपतीच्या आधीचा आसा."

शेवटचं वाक्य घरच्या भाषेत गेलं.

"म्हणजे सुट्टीत काम केलं ते या बेडकांनीच," गृहस्थ म्हणाले. सगळ्यांत आधी आणि सगळ्यांत मोठ्याने सरच हसले. समिती गेल्यावर त्यांनी कार्ड पुसून कपाटात ठेवलं. पुढच्या वर्षी उपयोगी पडेल म्हणाले.

येताना मी चिरेखाणीपाशी बरणी उघडली. घरी पोचले तर आई दारातच उभी होती.

"बोललंस काय गो?"

"बोललंय."

"बरा झाला." मग रिकाम्या बरणीकडे बघून म्हणाली, "आणि ती मासळी खंय?"