क्लिअर म्हटल्यावर

आमच्या अंजूरच्या गोडाऊनमध्ये माल दोन दिवस टिकत नाही, पण किस्से मात्र साचून राहतात. त्यातले निम्मे एकाच शब्दाचे. क्लिअर!

नवीन साहेब आले आणि ही पीडा सुरू झाली. सकाळी आम्हा पॅकिंगच्या बायकांना उभं करायचं, भरभर काहीतरी सांगायचं आणि शेवटी विचारायचं, "क्लिअर?" आम्ही एका सुरात, "क्लिअर!" कुणी गप्प राहिली, तर भाषण पहिल्यापासून. तिकडे चहा थंड होतो हो!

*

एकदा त्यांनी खोक्यांचं काहीतरी सांगितलं. "क्लिअर!" म्हणून झालं, साहेब केबिनमध्ये गेले आणि मंदाताईंनी मला हळूच विचारलं, "काय बोलला गो?"

मला काय माहीत! आम्ही आपले पुढचे खोके मागे नेले. जेवणानंतर दुसऱ्या बायकांनी तेच उचलून पुढे आणले.

संध्याकाळी साहेब खूश. "व्वा, आज खरं काम झालं!"

*

मग डबा खाताना मी विषयच काढला. क्लिअर म्हणजे नक्की काय?

मंदाताई म्हणाल्या, "काच पुसली का क्लिअर."

फोर्कलिफ्टवाले अन्वरभाई म्हणाले, "रास्ता खाली है, तो क्लिअर."

खारबावची सुगंधा म्हणाली, "माझ्या भाच्याची बारावी क्लिअर झाली."

"मग आपण साहेबांना रोज काय सांगतो?" मी विचारलं.

"समजलं म्हणून सांगतो."

"आणि समजतं का?"

"न्हाय!"

*

ही सुगंधा कॉन्ट्रॅक्टवर. तिला पर्मनंट करायचं की काढायचं, ते दिल्लीचे मोठे साहेब व्हिडिओ कॉलवर सांगणार होते. बिचारीचा जीव टांगणीला लागलेला. आम्हीही हातातलं काम टाकून केबिनच्या दारात उभ्या.

मोठे साहेब इंग्रजीत सुसाट सुटले. आमच्या साहेबांना दरदरून घाम फुटला. शेवटी तिकडून आवाज आला, "क्लिअर?"

साहेब ताडकन उभे राहिले. "क्लिअर, सर!"

कॉल बंद.

सुगंधाने विचारलं, "साहेब, मी हाय का न्हाय?"

साहेब रुमालाने घाम पुसत खाली बसले. मग म्हणाले, "मला नीट कळलं नाही, सुगंधाताई."

"मंग लावा ना परत फोन! विचारा त्यांना!"

"आता कसं विचारू, बाई? क्लिअर म्हणून बसलोय ना!"