राघो विदरस्केलचं आडनाव

राघो विदरस्केल गेल्याला महिना झाला. खोडाळ्याहून निरोप आला तेव्हा मी वर्गावर होतो... खडू हातातच राहिला. जव्हार संस्थानच्या या शाळेत आम्ही दोघांनी अठरा वर्षं शिकवलं. पण शोकसभेत सगळे नुसतं 'राघोमास्तर, राघोमास्तर' करत राहिले. त्याचं आडनाव घ्यायला एकाचीही जीभ रेटली नाही! मेलेल्या माणसाचं नाव अर्धं कापायचा अधिकार यांना दिला कुणी?

त्याचा बाप सर्व्हेचा गोरा साहेब. खोडाळ्याच्या सोनीशी त्यानं गावासमोर, मांडवात लग्न लावलं आणि राघो चार वर्षांचा असताना रजेवर विलायतेला गेला, तो गेलाच. शाळेत घालताना पोराला मामाचं आडनाव लाव म्हणून सगळे तिच्या मागे लागले. सोनीबाई बधली नाही. "बापूस पळाला. नाव पोराचं हाय, ते मी कशाला लपवू?" एवढंच म्हणाली.

मोठेपणी राघोनं बापाच्या घरी पत्र धाडलं. बाप तोवर वारला होता. चुलत्यानं या आडनावाच्या इतिहासाचं छापील पुस्तकच पाठवलं. माझं इंग्रजी जेमतेम, म्हणून राघोनं मला ते समजावून सांगितलं... विलायतेतही हे आडनाव दुर्मीळ, बोटांवर मोजण्याइतकी घरं. मूळ पुरुष मेंढपाळ. डोंगरावर त्याची झोपडी होती, तिच्यावरून हे नाव पडलं. आणि सोबतच्या चिठ्ठीत काय, तर डोंगरातल्या झोपडीत जन्मलेल्यानं आमच्या घराण्याचं नाव लावू नये. वा रे घराणं! माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. पुस्तकातल्या वंशावळीत राघोच्या बापाच्या नावापुढे चक्क छापलं होतं, 'अविवाहित'.

राघो चिडला नाही. वह्या तपासायची तांबडी शाई घेऊन त्यानं तो शब्द खोडला आणि शेजारी लिहिलं, 'पत्नी सोनी, मुक्काम खोडाळा. पुत्र राघो.' मी म्हटलं, अरे, विलायतेत हे कोण बघणार आहे? तर म्हणाला, "आईचं लग्न झालं होतं. एवढं तरी बरोबर असू दे."

परवा त्याच्या घरी गेलो. शोकसभेतला प्रकार त्याच्या बायकोच्या, काशीबाईच्या कानावर गेला होता. तिला लिहिता-वाचता येत नाही. फळीवरचं पुस्तक काढून तिनं ते पान माझ्यापुढे उघडलं, दौत सरकवली.

"माझा नाव लिवा मास्तर," ती म्हणाली. "नाय तं उद्या यांनाबी बिनलग्नाचा करतील."

मी लिहिलं. आडनावासकट लिहिलं.