पहिली काच

आमच्या प्रयोगशाळेत तिला सगळे पातळताई म्हणत. मेणात घट्ट बसवलेल्या गाठीच्या तुकड्याचा ती इतका पातळ काप काढायची, की शेजारी कुणी शिंकलं तरी उडून जाईल. पोटातलं ओठावर येऊ द्यायची नाही. सोळा वर्षं तिच्या शेजारच्या खोलीत बसून तिच्या घरचं मला एकच कळलं, तिला एक धाकटा भाऊ होता.

तो मानेतल्या गाठींच्या कॅन्सरने गेला. तपासणी आमच्याकडेच झाली, काप तिनेच काढला. गाठीत या कॅन्सरशी जोडला जाणारा, थुंकीतून पसरणारा विषाणू सापडला. "डॉक्टर, लहानपणी तो माझ्याच पेल्यातून पाणी प्यायचा," ती म्हणाली. "माझ्याकडूनच गेला असेल का?"

मी सांगितलं, की हा विषाणू आपल्याकडे जवळपास सगळ्यांना दुधाचे दात पडायच्या आत गाठतो. या कॅन्सरच्या गाठींतही तो आपल्याकडे जास्त दिसतो, श्रीमंत देशांत बराच कमी. ती "बरं" म्हणाली आणि कामाला लागली.

विषाणू शोधताना काप काचेवर घेऊन त्याला रंग देतात; विषाणू असेल तर रंग चढतो. पहिली काच नेहमी, विषाणू असल्याचं आधीच माहीत असलेल्या गाठीची लावतात. ती गडद झाली तरच बाकीच्यांवर विश्वास ठेवायचा. त्यासाठी वापरायचा गाठीचा जुना मेणाचा ठोकळा संपला तेव्हा तिने भावाच्या गाठीचा पुढे केला. मी नको म्हणायला हवं होतं. पण रंग झकास चढायचा, मी तोच वापरत राहिले.

दोन वर्षांनी परदेशातून तुलनेसाठी तीस गाठी आल्या. त्या खेपेला पहिली काचच फिकी निघाली. माझं डोकं फिरलं. ठोकळा मागवला, तर मेणात जेमतेम पापुद्रा उरलेला.

"अर्ध्या जाडीचे काप काढतेय," ती म्हणाली. "तेवढाच जास्त दिवस पुरेल."

तिच्या चेहऱ्यावर काही नव्हतं. खरं सांगायचं तर माझ्याही आत काही हललं नाही. रोज गाठी बघून बघून माणूस असा होतो. खेप रद्द, उद्यापासून दुसरा ठोकळा, असं मी सांगून टाकलं.

"यातून एक काप निघेल," ती म्हणाली. "पूर्ण जाडीचा. हीच खेप पुन्हा लावू."

तिने तो काढला. खाली नुसतं मेण उरलं. पहिली काच काळीभोर आली. बाकीच्या तीसपैकी नऊ गाठींत विषाणू होता.

अहवालात मी तीसपैकी नऊ लिहिलं. पहिली काच मोजत नाहीत.