मुकुंदाचे दोन सिंथ

मुकुंदा गेल्याचा फोन आला तेव्हा मी सेक्टर त्रेचाळीसच्या बसस्टँडवर उभा होतो. फोन त्याच्या मुलीचा, अनघाचा. "काका, पापा नहीं रहे. सुबह प्रॅक्टिस कर रहे थे, बैठे-बैठे ही..." यावर माणूस काय विचारतो? कधी, कसं, आई कशी आहे. मी विचारलं, "कुठल्यावर? जुन्या सिंथवर की नव्या?" ती म्हणाली, "क्या?" याला आता दीड महिना झाला, त्या प्रश्नाची लाज अजून गेलेली नाही. पण आमचं शेवटचं भांडण त्यावरूनच झालं होतं आणि ते मिटवायचं राहून गेलं होतं, म्हणून बहुधा तेच तोंडात आलं.

मुकुंदा नागपूरचा, मी सांगलीचा. नोकरीनं दोघांना चंडीगडला आणून टाकलं, मला केंद्र सरकारच्या कचेरीत आणि त्याला एका मोठ्या हॉस्पिटलच्या प्रयोगशाळेत, तिथली यंत्रं सांभाळायला. मराठी मंडळाच्या गणपतीत ओळख झाली. मी गाणारा, तो वाजवणारा. नव्वदच्या आसपास त्याच्या मेव्हण्यानं मस्कतहून सिंथेसायझर आणून दिला, तेव्हा एका बटणावर बासरी आणि दुसऱ्यावर संतूर ऐकून अख्खं मंडळ तोंडात बोट घालून बसलं होतं. मुकुंदाची बायको, आमच्या वहिनी, मात्र त्याला शेवटपर्यंत पेटीच म्हणाल्या. माझा एक ठरलेला अभंग होता, काळी दोनच्या पट्टीतला. पुरुषाच्या गळ्याला ही पट्टी उंच. पण पंचविशीत धरली ती धरली, मरेपर्यंत सोडणार नाही असं मी चारचौघांत छाती ठोकून सांगायचो. सुरुवातीला मुकुंदाच्या बोटाकडे बघायचो, ते काळी दोनवर पडलं की निश्चिंत मनानं डोळे मिटायचो.

एका गणपतीत अंतऱ्याच्या तोंडावर वीज क्षणभर गेली आणि आली. सिंथ बंद पडून पुन्हा सुरू झाला, मुकुंदानं तिथूनच सूर धरला आणि वरच्या गंधारावर माझा आवाज असा काही फाटला की पुढच्या रांगेतल्या मुली तोंडावर रुमाल धरून हसल्या. मी सर्दीचं कारण पुढे केलं. मुकुंदाचा चेहरा माझ्यापेक्षा जास्त उतरला होता. "माझं चुकलं, दत्ता," तो म्हणाला. म्हटलं, अरे वीज गेली त्यात तुझं काय चुकलं? तो वायर गुंडाळू लागला.

पुढच्या दोन महिन्यांत त्याच्याकडे नवा सिंथ आला. तोवर बाजार खुला झाला होता, मस्कतच्या मेव्हण्याची गरज उरली नव्हती, सेक्टर बावीसच्या दुकानात खोकीच्या खोकी रचून ठेवलेली असत. मला वाटलं, आता जुना माळ्यावर जाणार. तसं झालं नाही. मुकुंदाच्या प्रयोगशाळेत नवं यंत्र आलं की जुनं लगेच काढत नसत. एकच नमुना काही दिवस दोन्हींवर चालवून आकडे ताडून बघत, मगच नव्यावर विश्वास ठेवत. त्यानं घरी हेच सुरू केलं. दर रविवारी मला भिंतीकडे तोंड करून बसवायचा, एकच ओळ दोन्हींवर वाजवायचा आणि विचारायचा, "बोल, कोणता बरा?" माझी उत्तरं एका वहीत उतरायची, शेजारी त्याचं मत. बासरी : जुन्यात फुंकर ऐकू येते, नवा गोड आहे पण फुंकणारा माणूस नाही. व्हायोलिन : नवा गुळगुळीत, जुना खरखरतो पण रडतो. पेटी : नव्यात हुबेहूब, जुन्यात अगदीच बेंडबाजा. हा एक पेटीचा अपवाद सोडला तर पानोपानी जुनाच जिंकत होता. शेवटी त्यानं खाली रेघ मारून लिहिलं : "आवाजात जुना. कामाला नवा." कामाला म्हणजे काय, असं विचारलं तर म्हणाला, "चहा घे, थंडा होऊन राहिला."

आणि मंडळात त्यानं नवाच आणला. एक वर्ष नाही, ओळीनं तीन वर्षं. मला त्याचं गणितच कळेना. आवाज जुन्याचा चांगला हे आम्ही दोघांनी मिळून ठरवलं होतं, वहीत लिहिलं होतं, मग हा त्या फुंकर नसलेल्या बासरीला धरून का बसला होता? त्या तीन वर्षांत माझा आवाज मात्र सुरेख लागत होता. गंधार हात धरून आणल्यासारखा यायचा. पन्नाशीनंतर गळा खुलतो बरं का, असं मी लोकांना सांगू लागलो होतो. तेव्हा वाटलं, इतका लागलेला आवाज आणि साथीला ही गुळगुळीत मशीन? दोनेक महिन्यांपूर्वीच्या एका बैठकीत मी सगळ्यांसमोर बोललो, "मुकुंदा, तुझी वही खोटी. तुला नवा हवा तो नुसता मिरवायला." तो हसला. म्हणाला, "मिरवायचं काय त्यात? तुझ्यासाठीच तर वाजवून राहिलो ना, यार." मला तो टोमणा वाटला. मी चहा न घेताच उठलो आणि नंतर तीन आठवडे फोन केला नाही. मग आला तो अनघाचा.

तेराव्यानंतर वहिनींनी बोलावलं. हॉस्पिटलचं क्वार्टर सोडायचं होतं. अनघा आयटी पार्कात नोकरीला, मनीमाजऱ्यात दोन खोल्यांत राहते, वहिनी आता तिच्याकडे जाणार होत्या, पण तिथे एकच सिंथ मावणार. "भाऊजी, ह्यांच्या जिवाची कोणती, तेवढं सांगा," वहिनी म्हणाल्या. "ती मी नेते. दुसरी तुम्ही ठेवा." मी म्हटलं, जुना, प्रश्नच नाही. तर त्या म्हणाल्या, "पण त्या दिवशी सकाळी तर नवीवर बसले होते." झालं, पुन्हा सगळा गोंधळ. हे उत्तर चुकून चालणार नव्हतं, त्या बाईला आता त्याच्यातलं तेवढंच सोबत न्यायचं होतं. मी वही मागितली. शेवटच्या पानावर आधी कधी न दिसलेली एक ओळ होती : "बंद केल्यावर : जुना विसरतो, नवा लक्षात ठेवतो."

वाचून काही उलगडा होईना. नवा सिंथ लावला. उजवीकडे चार बटणं होती, प्रत्येकाखाली चिकटपट्टीवर त्याच्या अक्षरात "दत्ता". मी तिसरं दाबलं, काळी दोनवर बोट ठेवलं आणि हलकेच अभंग धरला. गंधार सहज आला. मग जुन्यावर तीच पट्टी, तेच बोट. गंधार लांबच राहिला, त्याच्या आधीच दम संपला. तीनदा करून पाहिलं. शेवटी चष्मा लावून नव्याच्या पडद्यावर बघितलं, तिथे कोपऱ्यात बारीकसं लिहिलेलं होतं, उणे तीन.

"तुम्हाला खरंच ठाऊक नव्हतं?" वहिनी दारात उभ्या होत्या. "तुमचा आवाज खाली येऊन राहिला म्हणायचे. बोट जुन्याच जागी ठेवायचे आणि बटणानं पट्टी उतरवायचे. जुन्या पेटीवर दरवेळी तुम्ही यायच्या आधी गुपचूप लावून घेत. त्या वर्षी लाईट गेली आणि तिनं सगळं विसरून टाकलं. तुम्ही लोकांपुढे पडलात हे त्यांना फार लागलं होतं, भाऊजी." मी खाली बसलो. माझी खुललेली पन्नाशी म्हणजे हे होतं तर! सांगितलं असतं तर मी ऐकलं असतं का? नसतं. भांडलो असतो, कदाचित गाणंच सोडलं असतं. त्याला हे माहीत होतं. मग मला राग कसला येत होता, आणि रडू कसलं... ते मला त्या दिवशी समजलं नाही आणि हे लिहितानाही समजत नाही.

जुना वहिनींनी नेला. मुकुंदाच्या जिवाचा तोच होता, हे मी आता खात्रीनं सांगू शकलो. नवा माझ्या बाहेरच्या खोलीत आहे, वहिनींच्या साडीचा शिवलेला झगा घालून. अधूनमधून मी झगा काढतो, बटणं एकेक करून दाबतो आणि पडद्यावर बघतो. पहिलं उणे एक, दुसरं उणे दोन, तिसरं उणे तीन. तीन गणपती, तीन बटणं. चौथ्यावर उणे चार आहे. येत्या गणपतीचं तो त्या सकाळी लावत बसला होता. त्यापुढे त्या सिंथला बटण नाही.