सरकारचा डबा

शिंगणापूरला आमचं बिऱ्हाड आलं तेव्हा माझी वसू नुकती रांगायला लागली होती. ह्यांची तिथल्या शाळेत बदली झालेली. घर चांगलं होतं, हवेशीर होतं, पण त्याला दार नव्हतं. चौकट होती, दाराची फळी नव्हती. गावातल्या सगळ्याच घरांची तीच तऱ्हा. शनिदेवाच्या गावात चोरी होत नाही, तेव्हा दार कशाला, असा तिथला हिशेब. मला चोराची भीती नव्हतीच. मला भीती कुत्र्याची, विंचवाची, गार वाऱ्याची आणि रांगत रांगत रस्त्यावर जाणाऱ्या वसूची. मी चौकटीत कधी पाट उभा करून ठेवी, कधी पत्र्याची पेटी ओढून आणी.

समोरच्या घरातून एक बाई हे सगळं बघत होती. तिलाही दार नव्हतं, मलाही नव्हतं, त्यामुळे एकमेकींचा सगळा संसार एकमेकींना दिसायचा. एका दुपारी ती डोक्यावर मोडकी बाज घेऊन आली आणि तिनं ती आमच्या चौकटीत आडवी लावून दिली.

"मास्तरीणबाई, पोरगी हितं कुनी चोरून न्हेत न्हाई. पर ती आपल्या पायानं जाईल त्येला द्येव तरी काय करंल?"

ती मालनबाई. उंच, हाडापेरानं मोठी, कपाळावर गोंदण, नेसण नेहमी घोट्याच्या वर. नवरा पूर्वीच गेलेला. मुलगा कारभारी, सून रतन, बैलजोडी, आणि ज्वारीबाजरीपुरती कोरडवाहू जमीन. अमावास्येला देवाला येणारी माणसं तिच्या ओट्यावर टेकायची आणि ती त्यांना ताक-भाकरी दिल्याशिवाय उठू द्यायची नाही. देणं हा तिच्या अंगाचाच भाग होता, जसे हात-पाय असतात तसा.

तिची एक रीत मला पहिल्या महिन्यातच कळली. मी वाटीभर शिरा पाठवला की वाटी परत येताना तिच्यात मूठभर शेंगा असायच्या. काहीच नसलं तर एखादं लिंबू. मी म्हटलं, "अहो, असू द्या की." तर म्हणाली, "रिकामं भांडं फिरवू ने बाई. घरातली बरकत त्येच्यामागं निघून जाती."

मग बहात्तर साल आलं. आधीची दोन वर्षं पाऊस जेमतेम होता, त्या वर्षी तर आलाच नाही. विहिरींचे तळ दिसायला लागले. कारभारी बैलं घेऊन देवळाली प्रवऱ्याकडे गेला. तिकडे उसाचं वाढं मिळतं, जनावरं जगतात. घरात मालनबाई आणि रतन राहिल्या. रतनला दिवस गेले होते.

रेशनवर मिलो, म्हणजे परदेशातून आलेली हलकी ज्वारी, यायला लागला. त्याची भाकरी तांबडी होते आणि तव्यावरच तडकते. गावात सगळेच ती खात होते, तरी मालनबाईनं आपली चूल जागेवरून हलवून आतल्या कोपऱ्यात, भिंतीच्या आड नेली. दार नसलेल्या घरात भाकरीचा रंग लपवायला तेवढीच जागा होती. मी त्या दिवसापासून समोर बघायचं असलं तरी आधी खाकरायला शिकले.

गावाबाहेर बंधाऱ्याचं दुष्काळी काम निघालं. मालनबाई पहिल्या दिवशी गेली ती पदर नाकापर्यंत ओढून. जिच्या शेतात दुसऱ्या बाया खुरपायला यायच्या, ती आता त्याच बायांच्या ओळीत पाटी घेऊन उभी होती. त्यांच्यातली झुंबरबाई जिभेची तिखट. ती सगळ्यांदेखत म्हणाली, "काय गं मालन, सरकारची सालदारीन झालीस व्हय?"

मालनबाईनं पदर मागं सारला. "झाले की. पर पाटी तुज्यापरीस भरून उचलते, बघ. तुझी निम्मी रिकामीच."

सगळ्या हसल्या, झुंबरबाईसुद्धा. त्या दिवसापासून मालनबाईनं तोंड झाकलं नाही. कामाची तिला लाज नव्हती. लाज होती ती सुकडीची.

दुपारी कामावर सुकडी वाटली जायची. भाजलेलं पीठ, गूळ, थोडं तेल. सरकारकडून फुकट, पोटाला आधार म्हणून. ती वाटायला राहुरीची रोझी नावाची मुलगी होती. दाईचं शिक्षण घेतलेली, ख्रिस्ती घरातली, हसरी. बायांची रांग लागायची आणि नेमकी त्याच वेळी मालनबाई उठून बाभळीच्या सावलीला जाऊन बसायची.

"आत्या, तुमचा वाटा आहे हा," रोझी तिथवर जाऊन सांगायची.

"कामाचं मी घेते, पोरी. हे कशाचं?"

"हे पण कामाचंच."

"न्हाई. हे रांगंत उभं ऱ्हायाचं हाय."

संध्याकाळी रोझी आमच्याकडे पाणी प्यायला टेकायची, तेव्हा तिनंच हे मला सांगितलं. एकदा आमच्याकडून निघताना ती समोर गेली, रतनला हाक मारून उजेडात घेतलं आणि तिच्या डोळ्याची खालची पापणी ओढून पाहिली. आतून पांढरी फटक होती. रोझीचं हसू गेलं. बाहेर येऊन ती मालनबाईला म्हणाली, "आत्या, हिला पोटभर खायला घाला. नाहीतर बाळंतपण जड जाईल. दोघांनाही."

 त्या दिवसापासून मालनबाईनं स्वतःची भाकरी अर्धी केली. मला समोरून दिसत होतं. उरलेली अर्धी ती रतनच्या ताटात सारायची आणि वर पाण्याचा तांब्या रिचवायची. त्या तांबड्या भाकरीनं पापणी तांबडी होणार नव्हती, हे मला कळत होतं. वसूच्या वेळी माझ्या आईनं मला कसं जपलं होतं ते आठवे.

शेवटी मी एक युक्ती केली. रोझीकडून मालनबाईचा राहिलेला वाटा मागून घेतला, माझ्या डब्यात भरला, वर दोन शेंगदाणे पेरले आणि नेऊन दिला. म्हटलं, "घरी वड्या थापल्या होत्या, जरा मोडल्या. रतनसाठी आणल्यात."

मालनबाईनं झाकण उघडलं. वास घेतला. माझ्याकडे बघितलं. डबा ठेवून घेतला.

दुसऱ्या दिवशी सकाळी डबा परत आला. हाताला जड लागला म्हणून उघडला, तर सुकडी जशीच्या तशी. दोन शेंगदाणेसुद्धा जागेवर.

"रिकामा देऊ ने म्हनून तुमचंच तुमास्नी भरून दिलं," ती म्हणाली. आवाजात राग नव्हता. तेच जास्त लागलं. "मास्तरीणबाई, तुमच्या मनाची माया कळती मला. पर ज्या हातानं लोकांला वाढलं त्यो हात पसरून उभी ऱ्हायले, तर मला मीच वळखू यायची न्हाई. आन् फुकाचं अंगी लागत न्हाई."

  तिच्या जागी मी असते तर मीही हेच म्हटलं असतं, आणि रतनच्या जागी असते तर रडले असते.

रतन मात्र रडली नाही. ती सासूपुढे कधी मान वर न करणारी पोर. पण बहुधा आतून तिनं सगळं ऐकलं होतं. मालनबाई पाटी घेऊन कामावर निघाली तशी ती चौकटीला धरून उभी राहिली.

"आत्याबाई, मला डोहाळं लागल्यात."

मालनबाई थबकली. "आठव्या म्हैन्यात?"

"मला काय ठावं. लागल्यात."

"कशाचं?"

"सुकडीचं."

 मालनबाईनं पाटी खाली ठेवली.

"चिच खा. चिच हाय घरात."

"चिच नको."

"मग ताक आनते कुनाकडून तरी."

"ताक बी नको," रतन म्हणाली आणि जमिनीकडे बघत हळूच पुढं म्हणाली, "न्हाई पुरवलं तर ऱ्हाऊ द्या. पर उंद्या बाळाचा कान फुटला, तर मला बोलू नगा."

आमच्याकडे असं मानतात. पोटुशीचा डोहाळा राहिला की बाळाचा कान फुटतो, कानातून पाणी येतं. मी शिकलेली, माझा त्यावर विश्वास नाही, असं मी कॉलेजात मैत्रिणींना सांगत असे. वसूच्या वेळी मात्र मला कैरी हवी झाली तेव्हा ह्यांना उन्हातान्हाचं पिटाळलं होतं. मालनबाईचा तर पूर्ण विश्वास. ती सुनेकडे बघत राहिली. मग आत गेली, पितळेचा गडवा घेऊन बाहेर आली आणि पाटीत ठेवून निघून गेली.

रतननं माझ्याकडे बघितलं. तिच्या तोंडावर काय होतं ते मला अजून नीट सांगता येत नाही. डोहाळे खरे होते का, हे मी तिला कधीच विचारलं नाही.

पुढचं रोझीनं सांगितलं. दुपारी रांग लागली. सगळ्यात शेवटी मालनबाई उभी राहिली. पुढं आली, पण गडवा पुढं करेना. कमरेची गाठ सोडून तिनं मूठभर बोरं काढली. येताना टेकाडावरच्या वाळक्या बोरीखाली वेचलेली, सुरकुतलेली.

"हे आधी घे. मग घाल."

रोझी हुशार. नको-असू दे काही म्हणाली नाही. ओंजळ पुढं करून बोरं घेतली, एक तिथंच तोंडात टाकलं आणि म्हणाली, "गोड आहेत, आत्या." मग गडवा काठोकाठ भरला.

"मालन सरकारला लाच देती गं!" झुंबरबाई ओरडली.

"लाच कशानं? वान हाय," मालनबाई म्हणाली आणि गडवा पदराखाली घेऊन चालू लागली.

मग रोजचंच झालं. कधी तरवडाची पिवळी फुलं, कधी बाभळीचा डिंक, काहीच मिळालं नाही त्या दिवशी दातणाला लिंबाच्या काड्या. रोझीच्या पिशवीत रोज काहीतरी जमायचं. काही दिवसांनी झुंबरबाईनंही पदरातून चार चिंचोके काढून रोझीच्या हातावर ठेवले आणि इकडेतिकडे बघून म्हणाली, "हसायचं काय त्येच्यात?" कुणी हसलं नव्हतं.

गडवा घरी आला की मालनबाई आधी रतनला भरवायची. रतन हट्टानं एक घास सासूच्या तोंडात घालायची. "डोहाळं हायेत माझं, दोघींनी खाल्लं तरच पुरत्यात." समोरून हे बघताना मी खाकरायचं विसरून जायची.

रतनला मुलगी झाली. बारकी, पण घर दणाणून सोडणारी. त्या दिवशी मालनबाई कामावर गेली नाही, म्हणून रोझीनं बाळंतिणीसाठी कामावरच्याच अल्युमिनियमच्या डब्यात सुकडी भरून धाडली. बारशाला मालनबाईनं पाळण्यातल्या नातीचा एक कान वळवून बघितला, मग दुसरा. "हे बघा, मास्तरीणबाई. कोरडा ठनठनीत." तिचे डोळे मात्र कोरडे नव्हते.

पुढच्या पावसानं हात दिला. काम बंद झालं, रोझीची बदली झाली, कारभारी बैलं घेऊन परत आला. मागं राहिला तो कामावरचा डबा. मालनबाईनं तो घासून फळीवर ठेवला आणि पहिली बाजरी घरात आली तेव्हा काठोकाठ भरला. मला वसूचा खोकला दाखवायला तालुक्याला जायचं होतं. ती भरला डबा सरकारला परत करायला बरोबर आली.

"सरकार कुठल्या खोलीत बसतं?" तिनं कचेरीतल्या कारकुनाला विचारलं.

त्याला आधी चेष्टा वाटली. मग त्यानं सगळं ऐकून घेतलं, डब्याकडे बघितलं, चष्मा काढून पुसला. माणूस वाईट नव्हता. "आजी, असं घेता येत नाही हो. सरकारला लोकांकडून बाजरी जमा करून घ्यायची सोयच नाही."

मालनबाई पायरीवर येऊन बसली. डबा मांडीवर. मला वाटलं, आता हिला वाईट वाटणार. पण ती म्हणाली, "घ्यायाची लाज त्येला बी वाटत आसंल. मला वाटत हुती तशी."

डबा परत आला, पण घरात थांबला नाही. गल्लीच्या टोकाला झुंबरबाईची सून पोटुशी होती, बाजरी तिच्याकडे गेली. परत आला तो मटकी घेऊन. मटकी दुसऱ्या घरी गेली. कुणाला दिवस गेले की आता डबा तिथं पोचतो, आणि "हे काय?" असं कुणी विचारलं की मालनबाई सांगते, "सरकारचं हाय. मी नुसती पोचवती."

या आठवड्यात तो माझ्याकडे आला. मला पुन्हा दिवस गेलेत, हे मी अजून आईलाही कळवलं नव्हतं. दार नसलेल्या घराला कळायला काय लागतं? आत बाजरीच्या पिठाचे गूळ घातलेले लाडू होते. घेताना माझे हात जरा मागं आलेच. ह्यांचा पगार आहे, आपल्याला कशाला, असं काहीतरी ओठांवर आलं.

"धरा, मास्तरीणबाई," ती म्हणाली. "मी बी धरला हुता."

मी धरला. वसूनं एक लाडू संपवला, एक मी खाल्ला. डबा आता चुलीजवळ पालथा आहे, आणि त्यात घालून द्यायला घरात चांगलं काय आहे, ते मी शोधते आहे.