डाव्या कुशीवरचा हात

मी हात काढला तशी बाईनं गाईच्या कुशीवर तांब्याभर पाणी ओतलं. जिथे माझा हात होता, बरोबर तिथेच.

आम्ही शेतकी कॉलेजची पोरं गोंडपिपरीकडच्या एका गावात कार्यानुभवासाठी राहत होतो. मला या बाईचा गोठा मिळाला होता. गाय रवंथ करते का, चारा किती शिल्लक ठेवते, उठते-बसते कशी, हे बघायचं. डाव्या कुशीवर पंजा दाबून धरला की आत पोट हलताना लागतं. जनावर बरं आहे की नाही ते तिथे कळतं. माझ्याआधी वर्गातल्या दोघींनी तिथेच हात ठेवला होता. तेव्हा तांब्या आला नव्हता. आमची आडनावं आमच्या आधी गावात पोचली होती.

"राग नोको मानू पोरी," बाई म्हणाली. "गाभण हाये ते. आमच्या घरी पाळा लागते."

गाय रवंथ करत राहिली. मला राग यायला हवा होता. आला नाही. सरकीची ढेप किती देता, ते मी विचारलं. बाईनं सांगितलं. खोलीवर येऊन वरणभात जेवले. चव लागली नाही, एवढंच.

आठवडा उलटायच्या आत त्यांचा बैल मेला. रात्री सुटला, धानाच्या पोत्यात तोंड घातलं, पोट फुगलं. डॉक्टर यायच्या आधीच गेला. सकाळी आम्ही सगळे गेलो. आमचे सरही होते.

बाईचा नवरा कासरा घेऊन आला. त्यानं तो माझ्या पायाशी टाकला. हातात दिला नाही.

"बांध पाय अन् घे ओढून. पयले तुमचंच काम होतं ना हे. आता तं तू शिकली बी हायेस."

कोणी हसलं नाही. सर जवळ येऊन हळूच म्हणाले, "घे सांभाळून. गावात राहायचं आहे आपल्याला. मार्क शेवटी मलाच द्यायचे आहेत."

आजा सांगायचा, त्याच्या बापानं दीक्षा घेतली आणि मेलेलं ढोर ओढणं सोडलं. गावानं मजुरी तोडली. घरात मोहाची फुलं उकडून खाल्ली, पण कासऱ्याला पुन्हा हात लावला नाही. लहानपणी ही गोष्ट ऐकता ऐकता मला झोप लागायची. आता तो कासरा माझ्या चपलेला टेकला होता.

मी पाय मागे घेतला.

"मी नाई ओढणार. जित्या गाईले माझा हात चालत नाई, तं मेलेल्या बैलाले बी लागणार नाई."

आवाज चढला नाही.

"काऊन एवढा माज?" तो म्हणाला. सर दुसरीकडे बघू लागले. शेवटी त्यानंच पाय बांधले. गाठ सारखी सुटत होती. मी बघत उभी राहिले. मला दया आली नाही.

संध्याकाळी सर म्हणाले, गोठा बदलून देतो. मी नको म्हणाले.

सकाळी तिथेच गेले. गाय धानाचं तणीस खात होती. डाव्या कुशीवर पंजा ठेवला. आत पोट हललं. बाई तांब्या घेऊन दारात उभी होती.

"ओता बाई," मी म्हणाले. "मी रोज येणार. गाय व्येल तवा बी इथीच राहीन. मंग वासरू बी धुवून घ्या."

हात मी काढला नाही.